शून्य अहवालांचा अर्थ

पावसाळा सुरू झाला की साथीच्या रोगांची आकडेवारी उपकेंद्रांकडून तालुक्याकडे, तालुक्याकडून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याकडून राज्याच्या कार्यालयांकडे वाहू लागते. रायगड जिल्ह्याच्या पूर्वेकडील खालापूर आणि कर्जत हे तालुके या नियमाला अपवाद नाहीत. तापाचे रुग्ण इतके, अतिसाराचे इतके, काविळीचे शून्य, असे रकाने भरले जातात आणि शून्याचे रकाने अधिक असले तर वरच्या कार्यालयास हायसे वाटते. परंतु या शून्याचे दोन अर्थ संभवतात. आरोग्यसेवक वाडीवर गेला, त्याने घरोघर विचारपूस केली आणि रोगी आढळला नाही, हा एक अर्थ. वाडीवर कोणी गेलेच नाही, हा दुसरा. पहिले शून्य ही माहिती असते. दुसरे म्हणजे माहितीचा अभाव असतो. कागदावर मात्र दोन्ही शून्ये सारखीच दिसतात. ग्रामीण भागातील रोगसर्वेक्षणाची व्यवस्था कितपत उपयोगी आहे याचा निवाडा करावयाचा, तर या दोन शून्यांमधील फरक तिला ओळखता येतो काय, हा प्रश्न सर्वप्रथम विचारावा लागेल. तो क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न विचारण्यास खालापूर-कर्जतइतका योग्य प्रदेश शोधूनही सापडणार नाही. मुंबई आणि पुणे या दोन महानगरांच्या मध्ये हे तालुके वसले आहेत. द्रुतगती मार्ग आणि लोहमार्ग त्यांच्यातून जातात. खोपोलीचे आणि पाताळगंगेच्या काठचे कारखाने, नेरळ-कर्जत परिसरातील नव्या वसाहती आणि शहरी धनिकांची शेतघरे यांमुळे येथे पैशाची वर्दळ आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी दोन लाखांच्या आसपास होती. म्हणजे दुर्गमतेची सबब सांगण्याची येथे सोय नाही. आणि तरीही महामार्गावरून नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या डोंगरांच्या सोंडांवर ठाकर आणि कातकरी यांच्या वाड्या आहेत, ज्यांपैकी कित्येकांपर्यंत पायवाटेनेच जावे लागते. केंद्र सरकारने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींची गणना विशेष दुर्बल आदिम जमातींत केली आहे, त्यांत कातकऱ्यांचा समावेश होतो. ज्या तालुक्यातून मुंबईस पोहोचावयास दोन तास पुरतात, तेथील वाडीवरचा ताप वेळीच कळत नसेल, तर गडचिरोली किंवा मेळघाट यांविषयी कोणत्या तोंडाने बोलावयाचे?

साथरोगांवर सातत्याने नजर ठेवण्याची सध्याची व्यवस्था संकटातून जन्मास आली. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावच्या लोकांनी पिसवांचा उपद्रव वाढल्याची तक्रार केली होती. पुढे त्या गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले आणि त्याच सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचा हाहाकार उडाला. लक्षावधी लोक शहर सोडून पळाले. विमाने बंद झाली, निर्यात थांबली. १९६६ नंतर देशात प्लेगचा रुग्ण नोंदला गेला नव्हता. त्यामुळे प्लेग ओळखण्याची सवयच यंत्रणेला राहिली नव्हती. या धक्क्यानंतर १९९७-९८ मध्ये सांसर्गिक रोगांसाठी राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम आखला गेला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. आरोग्यसेविकेने लक्षणांवरून भरावयाचा एक नमुना, डॉक्टरने संशयित निदानावरून भरावयाचा दुसरा आणि प्रयोगशाळेने भरावयाचा तिसरा, अशी त्याची त्रिस्तरीय रचना आहे. एप्रिल २०२१ पासून हे सारे काम संगणकीय मंचावर आले. आठवड्याच्या कागदाऐवजी रोजची नोंद हातातील यंत्रावरून करावी, अशी अपेक्षा आहे.

रचना सुबुद्ध आहे, यात शंका नाही. परंतु तिचे मूल्यमापन कसे होते, हे पाहिले म्हणजे अडचण ध्यानात येते. किती केंद्रांनी अहवाल पाठविले, किती वेळेवर पाठविले, किती रकाने पूर्ण भरले, यांच्या टक्केवारीवर मुख्य भर असतो. एखाद्या तालुक्याने ९५ टक्के अहवाल वेळेत पाठविले की त्याची पाठ थोपटली जाते. अहवाल येणे आवश्यक आहे, हे कोणीही मान्य करील. तथापि अहवाल आला म्हणजे रोग दिसला, असे होत नाही. टपाल वेळेवर पोहोचले एवढ्यावरून पत्रातील मजकूर खरा ठरत नाही. सर्वेक्षणाची परीक्षा त्याने किती रोगी नोंदले यावरून करण्यापेक्षा त्याच्या नजरेतून किती निसटले यावरून करावयास हवी. निसटलेल्यांची मोजणी वेगळ्या मार्गाने करावी लागते. ती कष्टाची असते, आणि म्हणूनच टाळली जाते.

मोजणाऱ्यांची मोजणी

ही गोष्ट या देशात पूर्वी कधी जमली नाही, असे नव्हे. देवीच्या रोगाचे उच्चाटन हे तिचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. वर्षानुवर्षे देवीचे रोगी खालून येणाऱ्या अहवालांवरून मोजले जात. १९७३ च्या शरद ऋतूत उत्तर प्रदेश आणि बिहार या राज्यांत आरोग्य कर्मचाऱ्यांना आठवडाभर अन्य कामांतून मोकळे करून गावोगाव पाठविण्यात आले. त्या पहिल्या शोधमोहिमेत सुमारे दहा हजार असे रोगी सापडले की ज्यांचा पत्ता सरकारी दप्तराला नव्हता. आकडा एकाएकी फुगलेला पाहून राज्यकर्ते हादरले. परंतु रोग वाढला नव्हता; डोळे उघडले होते. पुढे प्रत्येक शोधमोहिमेनंतर स्वतंत्र माणसे पाठवून, गावात कोणी खरोखर आले होते काय, याची तपासणी केली जाई. रोगी कळविणाऱ्यास बक्षीस लावण्यात आले आणि रोगी दुर्मिळ होत गेले तशी बक्षिसाची रक्कम १,००० रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. बातमी लपविण्यापेक्षा सांगण्यात लाभ असावा, हे त्यामागचे साधे सूत्र होते. १९७५ च्या मे महिन्यानंतर देशात देवीचा रुग्ण आढळला नाही.

पोलिओच्या बाबतीत हेच शहाणपण अधिक शास्त्रशुद्ध रीतीने वापरले गेले. मुलाच्या हातापायातील शक्ती एकाएकी जाण्याची कारणे अनेक असतात; पोलिओ हे त्यांपैकी एक. पोलिओ नसला तरी १५ वर्षांखालील दर लाख मुलांमागे वर्षाकाठी किमान एका मुलास असा लुळेपणा येतो, हे शास्त्राला ठाऊक होते. म्हणून एखाद्या जिल्ह्यातून असा एकही रुग्ण कळविला गेला नाही, तर त्या जिल्ह्याचे अभिनंदन होत नसे. तेथील यंत्रणा झोपली आहे, असे मानले जाई. किमान किती रुग्ण सापडावयास हवेत, हे आधी ठरवून मग शून्याकडे पाहावयाचे, ही कल्पना विलक्षण होती. जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. त्या निर्वाळ्यावर जगाने विश्वास ठेवला, कारण येथील शून्य तपासलेले शून्य होते.

याच्या उलट धडा हिवतापाने शिकविला. १९५३ मध्ये नियंत्रणाचा आणि १९५८ मध्ये निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. हिवतापाचा कर्मचारी पंधरवड्यातून एकदा घरी येई, तापाच्या रोग्याचे रक्त काचपट्टीवर घेई आणि भिंतीवर रंगविलेल्या चौकटीत आपल्या भेटीची तारीख टाकी. ती चौकट म्हणजे जनतेच्या हाती असलेले हजेरीपत्रकच होते. तारीख नसेल तर तो आला नाही, हे अशिक्षित घरधन्यालाही सांगता येई. १९६५ च्या सुमारास देशातील रुग्णसंख्या एक लाखापर्यंत खाली आली. यश पदरात पडले असे वाटून पाळत सैल झाली; डासांनी कीटकनाशके पचविली, औषधांचा पुरवठा अपुरा पडला आणि १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. हिवताप परत येत होता तेव्हा त्याची चाहूल लागावी म्हणून नेमलेली माणसे अन्य कामांत विभागली गेली होती. रोग कमी झाला म्हणजे पहारा काढून घ्यावा, हा हिशेब किती महाग पडतो याचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण आहे.

वाडी आणि दप्तर

आता या कसोट्या खालापूर-कर्जतला लावून पाहू. पहिली अडचण गणिताची आहे. रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये २६ लाखांहून अधिक होती. दोनशे वस्तीच्या वाडीत एकाच आठवड्यात सहा मुलांना जुलाब सुरू झाले, तर त्या वाडीच्या दृष्टीने ती साथ असते. जिल्ह्याच्या बेरजेत मात्र सहाचा आकडा दिसतही नाही. रोगसर्वेक्षणाचा उद्देश साथ लहान असताना पकडणे हा असेल, तर जिल्ह्याची बेरीज निरुपयोगी ठरते. वाडी हाच हिशेबाचा घटक धरावा लागतो. डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येस एक उपकेंद्र असावे, असा शासकीय निकष आहे. एका आरोग्यसेविकेच्या वाट्यास अशा रीतीने अनेक वाड्या-पाडे येतात आणि पावसाळ्यात, म्हणजे साथीच्या ऐन हंगामात, त्यांच्यातील ओढे फुगलेले असतात. नोंद संगणकीय झाली म्हणून ओढा ओलांडण्याचे श्रम वाचत नाहीत. मोबाईलला रेंज नसलेल्या वाडीवर तर हातातील यंत्रही परत येईपर्यंत मुकेच राहते.

दुसरी अडचण स्थलांतराची. भातकापणी झाली, दिवाळी उलटली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सरकारी यादीत ती गावी असतात आणि प्रत्यक्षात भट्टीवर. भट्टीच्या गावातील आरोग्यसेविकेच्या यादीत ती नसतात. वर्षाचे सहा महिने ज्यांचा पत्ता कोणाच्याच वहीत नाही, त्यांचे शून्य कोणी लिहावयाचे? तिसरी अडचण याहून विचित्र आहे. शनिवार-रविवार कर्जतच्या शेतघरात राहून गेलेला मुंबईकर मंगळवारी तापाने फणफणतो आणि त्याची नोंद मुंबईत होते; खालापूरच्या वाडीतील रोगी पनवेल, नवी मुंबई किंवा उल्हासनगर येथील रुग्णालयात नेला जातो आणि त्याची नोंद तेथे होते. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद तो जेथे घडला त्या ठिकाणी होते. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु त्यामुळे गंभीर रोगी शहराकडे धावणाऱ्या तालुक्याचे दप्तर प्रत्यक्षाहून निरोगी दिसते.

चौथी अडचण खासगी डॉक्टरांची. तापाचा रोगी प्रथम भगताकडे किंवा बाजारच्या गावातील दवाखान्यात जातो. सरकारी केंद्राकडे त्याची पावले बहुधा शेवटी वळतात. खासगी डॉक्टरांनीही अहवाल पाठवावेत, अशी योजनेत तरतूद आहे. दिवसाला शंभर रोगी तपासणाऱ्या डॉक्टरने तो का पाठवावा, याचे उत्तर मात्र योजनेत नाही. त्याला त्यातून काही परत मिळत नाही. आपल्या परिसरात या आठवड्यात लेप्टो आहे की डेंग्यू, एवढे जरी त्याला कळविले, तर त्याच्या धंद्यासही ते उपयोगी पडेल. माहितीचा प्रवाह केवळ वर वाहत राहिला तर उगमापाशी तो आटतो, हा सर्वत्र आलेला अनुभव आहे.

या अडचणींचे स्वरूप आरोग्यापुरते मर्यादित नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या कुशीत वसलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैस शोधकार्य थांबविण्यात आले. वाडीवर रस्ता नव्हता. यंत्रे वर नेता येईनात आणि मदतकर्त्यांना चिखलातून चढून जावे लागले. दरडीचा धोका असलेल्या गावांची यादी शासनापाशी होती. इर्शाळवाडीचे नाव त्या यादीत नव्हते, असे राज्यकर्त्यांनीच सांगितले. हे विधान सर्वेक्षणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे आहे. यादीत नाव नसणे म्हणजे धोका नसणे, असे आपण धरून चालतो. यादी करणारे जेथवर पोहोचतात तेथवरच धोका दिसतो. दरडीच्या यादीत जी वाडी निसटते, ती तापाच्या यादीतही निसटण्याचा संभव मोठा असतो, कारण दोन्ही याद्या करणाऱ्यांची पायवाट एकच असते.

येथे २०१४ मधील माळीणची आठवण होते. ३० जुलैच्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील ते गाव दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ही बातमी बाहेर आली ती नेहमीच्या फेरीवर निघालेल्या एस.टी.च्या चालकामुळे. जेथे गाव असावयास हवे तेथे ते नाही, हे त्याने पाहिले. त्याच्यापाशी कोणताही नमुना नव्हता, की यंत्र नव्हते. नित्याची फेरी आणि नित्य काय दिसते याची ओळख, एवढेच त्याचे भांडवल होते. रोगाच्या पाळतीचे मर्मही यापलीकडे नाही. वाडीत एरवी किती मुले तापतात, हे ठाऊक असलेल्या माणसालाच या आठवड्यात अधिक तापली हे कळते.

मृत्यूचे पुस्तक

जिवंत रोग्यांची गणना अवघड असेल, तर निदान मृत्यूंची गणना तरी चोख असावी. तीही तशी नाही. देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी सुमारे एक पंचमांश मृत्यूंनाच डॉक्टरने प्रमाणित केलेले कारण असते. घरी झालेल्या मृत्यूपुढे ताप, म्हातारपण किंवा आजार असे काहीतरी लिहिले जाते. शिवाय मृत्यू नोंदविण्याची गरज कोणाला भासते? ज्याच्या नावावर सातबारा आहे, बँकेत ठेव आहे, विमा आहे, त्याच्या वारसांना दाखला लागतो. भूमिहीन कातकऱ्याच्या तान्ह्या मुलाच्या मृत्यूचा दाखला कोणत्या कचेरीत दाखवावयाचा? म्हणजे ज्या घरात मृत्यू अधिक, तेथेच नोंदीचे प्रयोजन कमी, असा हा विपरीत न्याय आहे.

मृत्यूचे पुस्तक चोख असले तर ते काय सांगू शकते, हे करोनाच्या काळात दिसले. २०२० मध्ये देशात ८१ लाखांवर मृत्यू नोंदले गेले. २०२१ मध्ये हा आकडा एक कोटी दोन लाखांवर गेला. म्हणजे वर्षात सुमारे २१ लाखांची वाढ. त्याच वर्षी करोनाने झालेले म्हणून सरकारने जाहीर केलेले मृत्यू साडेतीन लाखांहून कमी होते. सुधारलेल्या नोंदणीचा काही वाटा वजा केला तरी ही तफावत बोलकी आहे. रोजच्या रोज आकडे दाखविणारे नवे फलक जे सांगू शकले नाहीत, ते जुन्या मृत्युनोंदीने सांगितले. परंतु ती आकडेवारी प्रसिद्ध व्हावयास मे २०२५ उजाडला. चार वर्षांनी मिळालेली माहिती इतिहासकाराच्या कामाची असते, आरोग्याधिकाऱ्याच्या नव्हे.

सर्पदंशाची गोष्ट भातशेती करणाऱ्या या तालुक्यांना अधिक जवळची आहे. घरोघर जाऊन मृताच्या आप्तांना लक्षणे विचारून कारण ठरविण्याची एक पद्धत आहे. त्या पद्धतीने झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासातून २००० ते २०१९ या काळात देशात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने मेली, असा अंदाज निघाला. सरकारी दप्तरातील आकडा त्याच्या जवळपासही नव्हता. मृत्यू दिसत नव्हते म्हणून प्रतिविषाची मागणी नव्हती आणि प्रतिविष नव्हते म्हणून माणसे भगताकडे जात होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असे राज्यांना कळविले. हे पाऊल स्वागतार्ह असले तरी फार उशिराचे आहे.

मोजणी आणि उपचार यांचा संबंध किती निकटचा असतो, हे याच जिल्ह्यात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखविले. १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने गंभीर झालेल्या दर दहा रुग्णांपैकी तीन-चार दगावत असत. त्यांनी रुग्णांशेजारी बसून प्रत्येकाची नोंद ठेवली, मृत्यू हृदयावरील परिणामाने होतो हे ताडले आणि प्राझोसिन या औषधाने हे प्रमाण एक-दोन टक्क्यांपर्यंत खाली आणले. त्यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. आपल्या केंद्रात कोण, कशाने मरते, हे जाणून घेण्याची निकड मात्र होती. ग्रामीण केंद्रातील डॉक्टर केवळ आकडे पुरविणारा कारकून नसून त्यांचा पहिला वाचक असावयास हवा, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

आकड्यांची भीती

व्यवस्था सर्वत्र निकामी आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे तापाचे रुग्ण वाढल्याचे तेथील केंद्राच्या लक्षात आले. रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे गेले, त्यांत चिकुनगुन्या सापडला, मग संस्थेचे पथक गावात आले आणि अधिक नमुन्यांतून राज्यातील झिकाचा पहिला रुग्ण उघडकीस आला. ताप अधिक वाटणे, नमुना पाठविणे, उत्तर परत येणे आणि त्यावर गावात कृती होणे, ही साखळी तेथे अखंड राहिली. परंतु बेलसर पुण्यापासून दूर नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे या मज्जारोगाचे रुग्ण वाढले, तेव्हाही ते ध्यानात आले, कारण ते मोठ्या रुग्णालयांत पोहोचले होते आणि तेथे मज्जारोगतज्ज्ञ होते. दूषित पाण्याकडे बोट दाखविले गेले आणि पाण्याची तपासणी झाली. हेच पाणी कर्जतच्या एखाद्या वाडीच्या विहिरीत असते आणि दोन मुलांचे पाय लुळे पडले असते, तर त्यांची गणना कशात झाली असती, याचा विचार केलेला बरा.

साखळी तुटते ती अनेकदा तंत्राने नव्हे, भीतीने. ज्या केंद्रातून रुग्ण अधिक कळविले जातात त्याच्यामागे चौकशीचा ससेमिरा लागतो. आकडा वाढला की वर्तमानपत्रांत बातमी येते, विधिमंडळात प्रश्न विचारला जातो आणि तो ओघळत ओघळत आरोग्यसेविकेच्या डोक्यावर येऊन पडतो. मग अतिसाराचे निदान सौम्य होते आणि बालमृत्यू उपजत मृत्यू ठरतो. २००१ मध्ये महाराष्ट्रातील १३ संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढून बालमृत्यूंच्या सरकारी नोंदीतील मोठी तूट दाखविली. त्यावर बरेच वादळ उठले. पुढे शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि दप्तरातील त्रुटी लपविण्याजोगी उरली नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कामात मृत्यूंची काटेकोर मोजणी हीच पहिली पायरी होती. प्रत्येक अर्भकमृत्यू मोजला गेला म्हणूनच घरोघरच्या नवजात सेवेमुळे ३९ गावांतील मृत्यू घटले, हे १९९९ मध्ये जगापुढे मांडता आले. आकडा लपविणाऱ्याला सुधारणेचा पुरावाही देता येत नाही, हे प्रशासनाने ओळखावयास हवे. वर्तमानपत्रांनीही स्वतःकडे पाहावे. वाढलेल्या आकड्यावर तुटून पडणारे आपण संशयास्पद शून्याबद्दल कधी विचारतो काय?

यावर असे म्हटले जाईल की मनुष्यबळ नाही, पैसा नाही आणि आशा स्वयंसेविकांवर आधीच कामांचे ओझे आहे. आक्षेप खरा आहे. मानधनासाठी ज्यांना २०२३ आणि २०२४ मध्ये संप करावा लागला, त्यांच्याकडून आणखी एक वही भरून घेणे शहाणपणाचे नाही. किंबहुना उपाय वह्या वाढविण्याचा नसून कमी करण्याचा आहे. अनेक कार्यक्रमांसाठी तीच माहिती पुनःपुन्हा लिहून घेण्याऐवजी वाडीनिहाय तीनच गोष्टी चोख नोंदाव्यात: ताप, जुलाब आणि मृत्यू. त्यापुढे ती वाडी या आठवड्यात प्रत्यक्ष पाहिली की नाही, याचा वेगळा रकाना असावा. न पाहिलेल्या वाडीपुढे शून्य लिहिण्यास मनाई असावी. तेथे ‘पाहिली नाही’ असे लिहिण्याची मुभा असावी आणि तसे लिहिणाऱ्यास शिक्षा होऊ नये. एवढ्याने दोन शून्यांतील फरक कागदावर उमटू लागेल.

दुसरे, दर तिमाहीस चिठ्ठ्या टाकून तालुक्यातील दहा वाड्या आणि दोन वीटभट्ट्या निवडाव्यात. आरोग्य खात्याबाहेरच्या माणसांनी, एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी म्हणा, तेथे घरोघर जाऊन गेल्या तीन महिन्यांत कोण आजारी पडले आणि कोण मेले, हे विचारावे आणि दप्तराशी ताडून पाहावे. शंभरांतून किती निसटले, हा आकडा तालुक्याच्या कामगिरीचा खरा मापदंड होईल. तिसरे, तालुक्याबाहेर मेलेल्या रहिवाशांच्या नोंदी त्यांच्या मूळ तालुक्याकडे कळविल्या जाव्यात. संगणकीय नोंदणीच्या काळात यात अवघड काही नाही. घरी झालेल्या मृत्यूंची कारणे आप्तांना विचारून ठरवावीत. चौथे, पहिला रोगी पडल्यापासून नमुना जाईपर्यंत किती दिवस लागले आणि प्रयोगशाळेचे उत्तर उपकेंद्रापर्यंत परत येण्यास किती, हे प्रत्येक साथीनंतर जाहीर करावे. विहिरीत टीसीएल केव्हा पडली, हेही त्यात यावे. कारण कृती झाली नाही तर सर्वेक्षण हा केवळ लेखनाचा व्यायाम ठरतो. आणि तालुक्याचा साप्ताहिक गोषवारा ग्रामपंचायतीच्या फलकावर व खासगी दवाखान्यांत मराठीत लावला जावा. भिंतीवरच्या हिवतापाच्या चौकटीने जो अधिकार घरधन्यास दिला होता, तो संगणकाने काढून घेऊ नये.

या सूचनांस येणारा खर्च नव्या यंत्रसामग्रीच्या मानाने क्षुल्लक आहे. लागते ती तयारी दुसरीच. पहिल्या वर्षी आकडे वाढतील, याची शासनाने मनाशी गाठ बांधली पाहिजे. देवीच्या शोधमोहिमेत ते वाढले होते आणि त्या वाढीतूनच देवीचा शेवट झाला. खालापूर-कर्जतमध्ये तापाचे, जुलाबाचे आणि बालमृत्यूचे आकडे येत्या वर्षी वाढलेले दिसले, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याची बदली करण्याऐवजी त्याला अधिक माणसे देणारे सरकार आपल्याला हवे आहे. ते मिळेपर्यंत डोंगरावरच्या वाडीतील मूल तापाने फणफणत राहील आणि खाली महामार्गालगतच्या कार्यालयात त्याच्या नावाचे शून्य वेळेवर दाखल होत राहील.